ढेपेच्या दुकानातली मळी आणि घरची रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या अंगणात एक निळा, दोनशे लिटरचा प्लास्टिक ड्रम आहे. त्यात ढेपेच्या, म्हणजे पशुखाद्याच्या, दुकानातून आणलेली मळी (मोलॅसिस) असते, भावाच्या गोठ्यासाठी. गोठा कळमेश्वरकडे, पण सामान उतरतं आमच्याकडे. झाकण उघडलं की गूळ, लोखंड आणि जळक्या साखरेचा मिळून एक वास येतो. घरी येणारा माणूस तो वास घेतो, ड्रमकडे बघतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "दादा, याचीच रम होते म्हणे?"

मी अन्नतंत्रज्ञान शिकलो आणि काही वर्षं आंबवण्याच्या धंद्यात काढली. आता मुरघास (गुरांसाठी आंबवून टिकवलेला हिरवा चारा) आणि घरचा सिरका (व्हिनेगर) एवढंच करतो. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

मळी आणि काकवी एकच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

काकवी गुऱ्हाळात होते. उसाचा रस कढईत आटवत आणला आणि गूळ व्हायच्या थोडं आधी उतरवला की काकवी. उसातली साखर तिच्यात जशीच्या तशी असते, म्हणून ती भाकरीबरोबर खाल्ली जाते.

मळी साखर कारखान्यातून येते. रस शुद्ध करून आटवतात, साखरेचे खडे बसवतात, ते यंत्रात गरगर फिरवून वेगळे काढतात. उरलेला पाक पुन्हा आटवतात, पुन्हा खडे, पुन्हा फिरवणं. साधारण तीन वेळा हे झालं की जो काळा चिकट पाक उरतो, ज्यातून साखर काढणं परवडत नाही, ती शेवटची मळी. धंद्यात तिला 'सी-हेवी' म्हणतात. एक पायरी आधी काढून घेतली तर 'बी-हेवी', तिच्यात साखर जास्त. एक टन ऊस गाळला की साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते.

ढेपेच्या दुकानातली मळी एवढी स्वस्त का असते?

कारण तिच्यातलं भारी ते आधीच काढून घेतलेलं असतं.

शेवटच्या मळीत आंबू शकेल अशी साखर साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यात पाणी, राख, डिंकासारखे पदार्थ आणि उकळून उकळून करपलेली साखर. राख म्हणजे चुलीतली नव्हे. पोटॅशियम, कॅल्शियम वगैरेंचे क्षार, तेही थोडेथोडके नाहीत, दहा टक्के किंवा त्याहून जास्त. उसाने जमिनीतून जे क्षार ओढले आणि कारखान्याने रस निवळायला जो चुना घातला, ते सगळं साखर निघून गेल्यावर इथे दाटून येतं.

त्यात आपल्याकडचे बहुतेक कारखाने पांढरी साखर करायला गंधकाचा धूर वापरतात, त्यामुळे मळीत सल्फाइटही उतरतं. सल्फाइट म्हणजे लोणच्या-सरबतांत टिकवण्यासाठी घालतात त्याच जातीचं. जंतू वाढू नयेत हे त्याचं काम, आणि यीस्ट हाही एक जंतूच.

गुराला यातलं काही फारसं खटकत नाही. गाईला गोडी हवी असते, क्षार चालतात, आणि कुटारावर मळी शिंपडली की ती न कुरकुरता खाते. मळी गुरासाठी चांगलीच आहे. माणसाच्या प्याल्यासाठी तिची तपासणी कोणी केलेली नसते, एवढंच.

बरं, पण रम मळीचीच असते ना?

हो. रम म्हणजे उसाची दारू. बहुतेक ठिकाणी मळीची, काही ठिकाणी थेट रसाची. सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर साखरेचे मळे उभे राहिले आणि मळीचे डोंगर साचू लागले. गुलाम मजुरांकडून ऊस तोडून घेणाऱ्यांना त्या चिकट कचऱ्याचं काय करायचं हा प्रश्न होता. बार्बाडोसमध्ये त्याचं उत्तर रम म्हणून निघालं. जमैकात तर भट्टीत मागे राहिलेला आंबट काळा गाळ पुढच्या घाण्यात मुद्दाम मिसळायचे. तिकडच्या रमचा तो उग्र वास तिथून येतो.

आपल्याकडची प्रसिद्ध काळी रम १९५४ साली बाजारात आली. तीही मळीचीच. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी बाटल्यांतला मूळ अल्कोहोलही मळीचाच असतो. विलायतेत त्याला व्हिस्की म्हणू देत नाहीत.

मग मी घरी केली तर? विकायची नाही, फक्त स्वतःपुरती.

नाही चालत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. पूर्वी तो मुंबई दारूबंदी कायदा होता, नंतर नाव महाराष्ट्र झालं. परवान्याशिवाय दारू तयार करायला आणि भट्टी उभारायला त्यात बंदी आहे, आणि 'स्वतःपुरती' अशी पळवाट ठेवलेली नाही. पाच लिटर असो की पाचशे. शिक्षा कलम ६५ खाली होते, तुरुंग आणि दंड दोन्ही. पेपरात 'मोहफुलाचा सडवा जप्त', म्हणजे दारूसाठी आंबत घातलेली फुलं जप्त, ही बातमी येते तेव्हा खाली हेच कलम असतं.

इथे बाटली विकत घेऊन प्यायलाही परवाना लागतो आणि कडक दारूला वयाची अट २५ वर्षं आहे, हे विसरलेलं बरं असं बऱ्याच जणांना वाटतं. पण नियम आहे तो आहे.

भट्टी लावणारच नाही हो. नुसतं आंबवून ठेवतो. मग?

हा प्रश्न विचारणारा माणूस हुशार असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कायद्यात दारूची व्याख्या फक्त गाळलेल्या दारूपुरती नाही. अल्कोहोल असलेला कोणताही द्रव तिच्यात बसतो. वाईन, बियर, ताडी, सगळंच. आंबवलेली मळी म्हणजे विदर्भात ज्याला सडवा म्हणतात आणि पुण्याकडे पेपरवाले ज्याला 'रसायन' म्हणतात, तीच. ड्रममध्ये सडवा सापडला आणि शेजारी भट्टी नसली, तरी साहेबांसमोर 'मी प्रयोग करत होतो' हे वाक्य फार लांब जात नाही.

मळीवरही नियम आहेत. ती साठवणं, नेणं-आणणं यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाची नजर असते. गोठ्यासाठी घेतली तरी दुकानाची पावती जपून ठेवा. आमच्या ड्रमवर 'पशुखाद्य' असं ऑइल पेंटने लिहून ठेवलंय. भाऊ हसतो. हसू दे.

वर्ध्याला नेली तर?

राजेहो, वर्धा! १९७४ पासून तिथे पूर्ण दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. नागपूरच्या माणसाने बुटीबोरीच्या पुढे निघताना डिकीत काय आहे ते बघून घ्यावं.

पण मोहफुलाला तर सूट मिळाली ना?

मिळाली, फुलाला. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलं वेचणं, साठवणं आणि नेणं यांवरचे निर्बंध उठवले. त्याआधी फुलं गोळा करणाऱ्या आदिवासी बाईला स्वतःच्या अंगणात वाळत घातलेल्या फुलांसाठी हिशेब द्यावा लागायचा. मोह म्हणजे नुसती दारू नाही, भाकरी आहे, लाडू आहेत, दुष्काळातलं पोट आहे, तेव्हा हे फार आधी व्हायला हवं होतं. पण फुलं गाळून दारू काढायला परवाना लागतो तो लागतोच.

मळी आंबवताना नेमकं होतं काय?

यीस्ट नावाची एकपेशी बुरशी साखर खाते, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. ग्लुकोजसारख्या साध्या साखरेच्या १८० ग्रॅममधून हिशेबाने ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू निघतो, म्हणजे जवळजवळ अर्धं-अर्धं. मळीत उसाची साखर असेल तर यीस्ट आधी तिचे दोन तुकडे करतं, मग खातं.

दहा किलो मळीत चार किलो साखर धरा. कागदावर त्यातून अडीच लिटरच्या थोडं वर शुद्ध अल्कोहोल यायला हवं. प्रत्यक्षात चांगल्या चालणाऱ्या डिस्टिलरीतही एक टन शेवटच्या मळीमागे सव्वादोनशे लिटरच्या आसपास मिळतं, म्हणजे दहा किलोला सव्वादोन. तेही तज्ज्ञ माणसं, निवडक यीस्ट, थंड पाण्याच्या नळ्या आणि रोजची तपासणी असताना.

घरच्या ड्रममध्ये क्षार आणि सल्फाइट यीस्टची मान धरतात. क्षार जास्त झाले की यीस्टच्या पेशीतलं पाणीच बाहेर खेचलं जातं, लोणच्यात कैरीच्या फोडी आक्रसतात तसं. मग ते अर्ध्यात दमतं आणि उरलेल्या साखरेवर आंबट करणारे जीवाणू बसतात. 'पहिल्या दिवशी मस्त फेस आला, तिसऱ्या दिवशी थांबला, आता उलटीसारखा वास येतोय' हे मी किती जणांकडून ऐकलं असेल! तो वास ब्युटिरिक आम्लाचा असतो. सडलेल्या लोण्यातही तेच असतं.

बेकरीचं यीस्ट वापरतात ते वेगळं असतं का?

जात तीच, वाण वेगळा. पावाचं यीस्ट फुगवायला निवडलेलं असतं, जास्त अल्कोहोल सोसायला नाही.

यात एक मजा आहे. बेकरीचं यीस्ट कारखान्यात वाढवतात तेच मुळी मळीवर. फक्त तिथे मोठमोठ्या टाक्यांत सतत हवा फुंकतात आणि मळी थोडी थोडी सोडतात. भरपूर हवा मिळाली की यीस्ट अल्कोहोल करत बसत नाही, स्वतःची पिल्लावळ वाढवतं. हवा कमी केली की उलटं. हे पाश्चरने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं. म्हणजे तुमच्या तर्रीपोह्यासोबतच्या पावात मळी आहेच. परवाना काढून वाढवलेली.

दुकानदार म्हणतो यात युरिया घातलाय, जास्त चांगली. खरं?

गाईसाठी खरं असू शकतं. तुमच्यासाठी हे वाक्य ऐकलं की डबा खाली ठेवायचा.

गाय, म्हैस, शेळी यांच्या पोटात पहिल्या कप्प्यातले जंतू युरियातला नायट्रोजन वापरून प्रथिनं तयार करतात. म्हणून मळी-युरियाच्या चाटणविटा मिळतात. मात्र प्रमाण चुकलं की गुरालाही विषबाधा होते: लाळ गळते, पोट फुगतं, अंग थरथरतं. लहान वासराचा तो कप्पा तयार झालेला नसतो, म्हणून त्याला ती वीट चाटू द्यायची नाही. अशी विषबाधा झाली तर डॉक्टर येईपर्यंत थंड पाणी आणि सिरका पाजतात, हे गोठा असणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं.

माणसाच्या दृष्टीने भानगड पुढे आहे. युरिया आणि अल्कोहोल एकत्र आले, आणि त्यात उष्णता मिळाली, की इथाइल कार्बामेट नावाचं रसायन तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलंय. जगभरचे दारू कारखाने ते कमी करण्यासाठी धडपडतात आणि इथे लोक युरियावाली मळी 'जास्त चांगली' म्हणून उचलतात. युरिया आहे की नाही हे चवीवरून कळत नाही. ढेपेच्या दुकानात सुट्या मळीवर लेबल नसतं, आणि दुकानदाराला विचारलं तर त्याला माल खपवायचा असतो.

नवसागर टाकला की कडक होते म्हणतात.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाल्याकडचा. हातभट्टीवाले तो घालतात कारण त्यातून यीस्टला नायट्रोजन मिळतो. म्हणजे त्या जुन्या लोकांच्या अनुभवात रसायनशास्त्र होतं, फक्त ते 'कडक' या शब्दात सांगितलं गेलं. पण बाजारातला नवसागर भांड्याला कल्हई करायला असतो, पोटात घालायला नाही.

घरच्या दारूने माणूस आंधळा होतो ते मिथेनॉलमुळेच ना?

मिथेनॉलमुळेच, पण ते येतं कुठून हे समजून घ्या. इथे भीती आणि निष्काळजीपणा दोन्ही चुकीच्या जागी बसलेले असतात.

यीस्ट साखरेपासून मिथेनॉल करत नाही. फळांच्या सालीत, गरात पेक्टिन असतं, ते तुटलं की थोडं मिथेनॉल सुटतं. मळीत पेक्टिन जवळजवळ नसतंच, म्हणून मळीच्या सडव्यात मिथेनॉल नगण्य असतं. संत्र्यापेक्षा तर कमीच.

मग माणसं मरतात कशाने? कोणीतरी मिथेनॉल ओततं म्हणून. रंग, वार्निश, रसायनांच्या कारखान्यांत ते स्वस्तात असतं, दिसायला-वासाला जवळपास सारखं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून जास्त माणसं गेली ती अशाच विषारी दारूने. जेमतेम १० मिलीलिटर मिथेनॉल दृष्टी घालवू शकतं. आणि ते लगेच कळत नाही. माणूस झोपतो, उठतो, बारा-चोवीस तासांनी डोळ्यांपुढे धुकं येतं, पोट दुखतं, श्वास जोरात चालतो. शरीर मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल करतं आणि ते डोळ्याच्या नसेवर जातं. असं काही वाटलं तर लिंबूपाणी पाजत बसू नका. सरळ मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला न्या आणि काय प्यायलं ते न लपवता सांगा. यावर उतारा आहे, डायलिसिस आहे, पण उशीर चालत नाही.

पण 'पहिली धार' टाकून दिली की सगळं शुद्ध, असं आमचे मामा म्हणतात.

आपल्याकडे तर पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात भारी, असा उलटा मान आहे! दोन्ही अर्धवट. पहिल्या धारेत ॲसिटाल्डिहाइड, इथाइल ॲसिटेट अशी डोकं धरणारी हलकी द्रव्यं जास्त असतात हे खरं. पण मिथेनॉल ६५ अंशाला उकळतं आणि साधा अल्कोहोल ७८ ला, म्हणून एक आधी पूर्ण निघून जातो आणि मग दुसरा येतो, असं होत नाही. पाण्यात मिसळलेली ही द्रव्यं एकमेकांचा हात धरून निघतात. कोणी मिथेनॉल मिसळलं असेल तर पहिली धार ओतून ते जात नाही.

काडी लावून निळी ज्योत बघणारेही भेटतात. मिथेनॉलही निळंच जळतं, दिवसा तर दिसतसुद्धा नाही. ज्योतीवरून फार तर दारू किती तीव्र आहे याचा अंदाज येतो. इंग्रजांच्या आरमारात रम बंदुकीच्या दारूवर ओतून पेटवून बघायचे. पेटली तर पाणी घातलेलं नाही. 'प्रूफ' हा शब्द त्या काळचा. आपल्या बाटलीवरचं ४२.८ टक्के हे विचित्र दशांश तिथूनच उतरलंय: त्या जुन्या मापात २५ अंश खाली.

आणखी एक गोष्ट मामांनी सांगितलेली नसते, ती शिशाची. जुगाडाच्या भट्टीत झाळलेले जोड असतात, कधी गाडीचा जुना रेडिएटर असतो. झाळणातलं शिसं दारूत उतरतं आणि शरीरात साठत जातं. ते कोणत्याच धारेत टाकून देता येत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात लवकर आंबेल का?

लवकर बिघडेल. यीस्टला तीस अंशाच्या आसपास बरं वाटतं, पस्तिशीच्या पुढे ते कुरकुरतं, चाळिशीकडे गेलं की संपतं. आंबताना ड्रम स्वतःही तापतो. बाहेर पंचेचाळीस असताना, टिनाच्या शेडखाली, कूलरची हवा काय ड्रमला लावणार? माणसांनाच पुरत नाही.

नुसती साठवलेली मळीसुद्धा चाळीस अंशांच्या वर बरी राहत नाही. तिच्यातली साखर आपोआप करपत जाते. मे महिन्यात उन्हात उभा राहिलेला ड्रम दिवाळीपर्यंत तसाच दिसतो, पण गोडी कमी झालेली असते. गोठ्यासाठीही ड्रम सावलीत ठेवा, ओलं पोतं गुंडाळा.

बाटलीचं झाकण घट्ट लावून ठेवलं तर?

माझा किस्सा सांगतो. काकवी आणि आल्याचं पेय करत होतो, बुडबुडे येतील म्हणून दोन काचेच्या बाटल्या घट्ट बंद करून ओट्याखाली ठेवल्या. एप्रिल होता. दुपारी दीड वाजता एक फुटली. काच फ्रिजच्या दारात घुसली, छताला काकवी चिकटली. आई तेव्हा पाच मिनिटांपूर्वीच स्वयंपाकघरातून उठून गेली होती. दुसरी बाटली मी गोधडीत गुंडाळून, हेल्मेट घालून बाहेर नेली. आजही आमच्याकडे 'बाँब' म्हटलं की तीच आठवण निघते.

एक किलो साखर पूर्ण आंबली की अडीचशे लिटरहून जास्त वायू निघतो. तो कुठे तरी जाणारच. आणि तो हवेपेक्षा जड असतो, खोल टाकीत, बंद खोलीत खाली साचतो. आंबणाऱ्या टाकीत वाकून उतरणारा माणूस एका श्वासात आडवा होतो, त्याला काढायला उतरणाराही. मुरघासाच्या खड्ड्यालाही हेच लागू आहे, म्हणून हा परिच्छेद दोनदा वाचा.

उरलेला गाळ कुठे टाकतात?

डिस्टिलरीला सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर काळं पाणी उरतं. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. साध्या सांडपाण्यापेक्षा ते शेकडो पटीने जास्त ऑक्सिजन खातं. ओढ्यात गेलं की मासे वर. कारखान्यांना ते आटवून किंवा जाळून संपवावं लागतं, बाहेर थेंब सोडायची परवानगी नसते. घरी करणारा मोरीत ओतणार. मोरीतून नाल्यात, नाल्यातून नाग नदीत. तिची अवस्था बघता तिला आपली भर नको.

मग बाजारातल्या रमला तो रंग आणि वास कसा येतो?

भट्टीतून निघते तेव्हा सगळी रम पाण्यासारखी पांढरी असते. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं राहिली की रंग धरते, बाकी काम करपवलेल्या साखरेच्या रंगाचं. मळीचा काळेपणा बाटलीत येत नाही. काळी मळी म्हणून काळी रम, हा आपला गैरसमज.

संत्र्याच्या सालीची रम करता येईल?

रम म्हणता येणार नाही, आणि पेक्टिनबद्दल वर सांगितलंय. मार्मालेड करा.

मग या मळीचं करायचं तरी काय?

आंबवायची हौस असेल तर मुरघास करा. तिथे मळीला खरं काम आहे. हिरवा चारा कापून, दाबून, हवा बंद करून ठेवला की दुधाला विरजण लावणाऱ्या जातीचे जीवाणू त्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि चारा टिकतो. मक्यात साखर पुरेशी असते, वरून काही घालायची गरज नाही. गवताचा, बरसीमचा, लसूणघासाचा करायचा असेल तर साखर कमी पडते; तिथे शंभर किलो चाऱ्याला दोन-तीन किलो मळी पाण्यात पातळ करून थर थर शिंपडायची. युरिया नसलेली घ्या. दाबणं मात्र जीव लावून: ट्रॅक्टर नसेल तर पोरांना नाचवा. हवा राहिली की बुरशी. पाचव्या-सहाव्या आठवड्यात उघडलं की पिवळसर हिरवा रंग आणि आंबटगोड वास यायला हवा. तो वास आला की भाऊ त्या दिवशी माझ्याशी नीट बोलतो.

जीवामृतातही, म्हणजे शेतात घालायच्या शेण-गोमूत्राच्या आंबवणातही, गुळाऐवजी मळी घालणारे शेतकरी आहेत. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, असं ते प्रमाण. आपल्या अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी ते देशभर नेलं, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मळी घातली तर क्षार जास्त जातात, एवढं ध्यानात ठेवून जमीन बघा.

आणि माणसांसाठी?

सिरका. पण मळीचा नाही, काकवीचा.

एक किलो चांगली काकवी, साडेचार लिटर उकळून गार केलेलं पाणी, आणि एक-सव्वा लिटर जिवंत सिरका, म्हणजे गाळून-तापवून मारलेला नव्हे, ज्यात तळाशी सिरक्याच्या जंतूंची गढूळ 'आई' दिसते तो. काचेची किंवा चिनी मातीची बरणी, तोंड रुंद, वर सुती कापड. तांब्या-पितळेचं भांडं नाही, आम्ल ते खातं. सिरक्याच्या जंतूंना हवा लागते, म्हणून झाकण नको. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि हे जंतू मागोमाग त्याचं आम्ल करत जातात. काही दिवसांनी वर पातळ साय धरते, तिला ढवळून मोडू नका. सहा-आठ आठवडे लागतात, हिवाळ्यात जास्त. आमच्याकडे दसऱ्याला लावलेला सिरका गाजराच्या लोणच्यापर्यंत तयार होतो.

विकायचा असेल तर त्यात आम्ल किमान ३.७५ टक्के हवं असा अन्न सुरक्षेचा नियम आहे, आणि परवान्यांसाठी आधी अन्न सुरक्षा आणि उत्पादन शुल्क अशा दोन्ही कार्यालयांत विचारून घ्या. सिरक्याच्या नावाखाली मधेच थांबवून प्यायचा बेत असेल, तर तो सिरका नाही, सडवा आहे. वर पुन्हा कलम ६५ वाचा.

ड्रमचा वास जात नाही, काय करू?

गरम पाणी, धुण्याचा सोडा, एक रात्र. मग चुलीची राख लावून घासा आणि दोन दिवस उन्हात पालथा घाला. आमचा तरी जात नाही. मुंग्या मात्र येतात.